दहा हजारांच्या आत

लाख रुपयांचा फोन घेणाऱ्याला दुकानात एकच प्रश्न विचारतात : रंग कोणता देऊ? तो रंग सांगतो, कार्ड पुढे करतो आणि समोरचा चहा निवायच्या आत बाहेर पडतो. दहा हजारांच्या आतला फोन घेणाऱ्याला मात्र आधी रॅम, रॉम, नॅनोमीटर, मेगापिक्सेल, मिलिअँपिअर अशा सगळ्या विषयांत पास व्हावं लागतं आणि वर पानठेल्यावर तोंडी परीक्षा द्यावी लागते. खरेदी जितकी स्वस्त, तितकी अक्कल जास्त खर्च होते. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हा नियम सापडत नाही, कारण ती पुस्तकं लिहिणारे बहुधा रंग सांगणाऱ्यांपैकी असतात.

आमच्या मामाजींनी गेल्या हंगामात असा फोन घेतला. घेतला असं आपलं म्हणायचं. प्रत्यक्षात तो अख्ख्या सेलूने घेतला आणि मामाजींनी फक्त खिशात ठेवला.

सेलू म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण परभणी जिल्ह्यातही एक सेलू आहे आणि आमच्याकडे निघालेल्या पार्सलाला तिकडची ओढ फार. आमचं सेलू नागपूर-वर्धा रस्त्यावरचं. शेजारी बोर नदी आणि घोराड, नागपूरच्या वाटेवर केळझरचा गणपती, वर बोरचं धरण आणि धरणाच्या जंगलात वाघ. कधी काळी इथली केळी नावाजलेली होती. आता कापूस, सोयाबीन, तूर आणि हवामानाचा अंदाज. खरेदीच्या दृष्टीने गावाची जागा फार वाईट. वर्धा हाकेवर, नागपूर तास-दीड तासावर. त्यामुळे वर्ध्याच्या दुकानात उभ्या असलेल्या सेलूकराला वाटत राहतं की सीताबर्डीला हाच फोन पाचशेने कमी असणार. सीताबर्डीला गेला की वाटतं, ऑनलाइन याहून स्वस्त असेल. ऑनलाइन पाहिलं की गावातला दुकानदार म्हणतो, “घ्या ना बाप्पा ऑनलाइन! उद्या बिघडला तं कोनाकडं जासान? त्या ॲपच्या घरी?”

मामाजींजवळ आतापर्यंत बटणांचा फोन होता. त्याची बॅटरी आठवडाभर चालायची, तो विहिरीच्या काठावरून पडला तरी माणसालाच लागायचं, आणि टॉर्च असा की त्याच्या उजेडात मामाजींनी दहा वर्षं रात्रीचं ओलीत केलं. शेतीची लाईन रात्रीची असते. सेलू तालुक्यात रात्री ओलितावर जाणं म्हणजे काय, हे शहरात कळत नाही. बोर २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या छोट्या व्याघ्र प्रकल्पांत तो मोडतो, आणि प्रकल्प छोटा आहे ही गोष्ट वाघांना कोणी कळवलेली नाही. तेव्हा आमच्याकडे टॉर्च ही सोय नसून विमा आहे.

मग बटणांचा फोन सोडायचा कशाला? तर सरकार आता शेतकऱ्याशी ॲपमधूनच बोलतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी पीक न बघता सातबाऱ्यावर लिहायचा; आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि चढवायचा. कपाशीची पराटी तीच, शेत तेच, फक्त तलाठ्याचं काम मामाजींकडे आलं आणि पगार तलाठ्याकडेच राहिला. पुतण्याच्या फोनवर हे चार वर्षं निभावलं. त्यानंतर २०२५-२६ चा हंगाम आला आणि सीसीआयने, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाने, सांगितलं की हमीभावाने कापूस द्यायचा असेल तर ‘कपास किसान’ नावाच्या ॲपवर आधी नोंदणी करा. हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल, मध्यम धाग्याला ७,७१०. मामाजींनी लगेच हिशोब मांडला. त्यांचं चलन रुपया नाही, कापूस आहे. “९,९९९ चा फोन म्हंजे सव्वा क्विंटल कापूस. सव्वा क्विंटल कापूस द्याचा, कायले? तं बाकीचा कापूस विकता आला पायजे म्हून.” यावर कोणाला काही बोलता येईना.

पैशाचा प्रश्न मात्र आमच्या घरी फार लवकर सुटला. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि नमो शेतकरीचे ६,००० धरले तर मामाजींना सरकारकडून १२,००० येतात. मामींना लाडक्या बहिणीचे महिन्याला दीड हजार, म्हणजे १८,०००. घरात अर्थखातं कोणाकडे, हा वाद जुलै २०२४ पासून मिटलेला आहे. फोन मामाजींचा, पण मंजुरी मामींची, असं ठरलं. बाजाराची पाहणीही मामींनीच करायची, कारण मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. मामाजी पंचाहत्तरीचे नाहीत, पासष्टचेही नाहीत, त्यामुळे त्यांना पूर्ण तिकीट. पाहणी दौऱ्यावर त्यांना नेणं मामींना परवडत नव्हतं. मामी वर्ध्याला गेल्या, चार दुकानांत बसल्या, चारही ठिकाणी पंख्याखालची खुर्ची घेतली आणि येताना गोरसपाक घेऊन आल्या. फोनबद्दल त्यांचा अहवाल एका वाक्याचा होता : “सारे काळे हायेत आन् सारे लांब हायेत.”

या अहवालाने समाधान न झाल्याने प्रश्न पानठेल्यावर गेला. खर्रा घोटला जात असताना जे विचारमंथन होतं त्यात आपला विषय मांडला, की तो आपला राहत नाही. एकाने विचारलं, “गेम खेळान काय?” मामाजी म्हणाले, “वावरात डुकरं खेळतेत तेवढे पुरे.” दुसरा म्हणाला, मोठ्या बॅटरीचा घ्या. तिसऱ्याने बॅटरी मोठी असली की फोन जड होतो आणि बंडीचा खिसा फाटतो, असा स्वानुभव सांगून खिसा दाखवला. चौथा माणूस प्रत्येक गावात असतो. तो म्हणाला, “थोडेसे टाका न वर. हजार रुपयांत लै फरक पडते.” या चौथ्या माणसापासून सावध राहायला पाहिजे. त्याचं ऐकून दहाचे अकरा होतात, अकराला तेरावाला बरा वाटतो, तेराला पंधरावाला, आणि संध्याकाळी माणूस स्वतःच्या बैलजोडीकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागतो.

पुतण्याची बाजू तांत्रिक. तो वर्ध्याला शिकतो आणि यूट्यूबवर फोनचे डबे उघडणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघतो. ही मंडळी डबा उघडताना इतकी भारावलेली असतात की आत फोनच निघणार हे त्यांना ठाऊक नव्हतं असं वाटावं. “मोठेबाबा, प्रोसेसर पाहून घ्या,” पुतण्या म्हणायचा. मोठेबाबा विचारायचे, “दुकानात दाखवते काय तो?” दिसत नाही म्हटल्यावर मोठेबाबांचा त्यातला रस संपायचा. न दिसणाऱ्या मालाचा त्यांना बियाण्यांच्या पाकिटांमुळे पुरेसा अनुभव आहे.

तरी दुकानात जाण्याआधी पुतण्याने मामाजींकडून जी तयारी करून घेतली ती वाया गेली नाही. स्वस्त फोनच्या डब्यावर जे लिहिलेलं असतं ते मोठ्या अक्षरात खरं आणि बारीक अक्षरात जास्त खरं असतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. आम्ही दुकानात शिरलो तेव्हा पोऱ्याने सुरुवातच केली, “काका, आठ जीबी रॅम!”

मामाजींनी चष्मा काढून डबा नाकाजवळ नेला. आठच्या डोक्यावर एक चांदणी होती आणि डब्याच्या तळाशी तिचा खुलासा होता : चार अधिक चार.

“हे वरचे चार कुठून आणले?”

पोऱ्याने समजावलं. खरी रॅम चारच. बाकीची चार साठवणुकीच्या जागेतून उसनी घेतलेली. तिला व्हर्च्युअल म्हणतात.

“म्हंजे मायाच कोठ्यातून काढून मलेच देते. वरून मोजून दाखवते,” मामाजी म्हणाले. “योजना हाय मंग ही. फोन नोहे.”

कॅमेऱ्यापाशी तर खरी जुगलबंदी झाली. फोनच्या पाठीवर तीन मोठे गोल होते. पोऱ्या म्हणाला, ५० मेगापिक्सेल. पुतण्याने हळूच सांगितलं की असा कॅमेरा बहुतेक वेळा चार ठिपक्यांचा एक ठिपका करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो हातात देतो. मामाजींना हे आश्चर्याचं वाटलं नाही. बाजारात नेलेल्या कापसाचंही शेवटी तसंच होतं. मग त्यांनी दुसऱ्या गोलावर बोट ठेवलं. हा कायचा? हा दुसरा लेन्स. किती मेगापिक्सेल? पोऱ्या पंख्याकडे बघायला लागला. डब्यावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांनी उत्तर दिलं : शून्य पूर्णांक शून्य आठ. म्हणजे ३२० गुणिले २४० ठिपके, जेवढ्यात वाघ आणि गोऱ्हा वेगळा ओळखू येत नाही. आणि तिसरा गोल? तो फ्लॅश.

“मंग दुसरा लावला काहून?”

“दिसाले चांगलं दिसते काका.”

हे मात्र मामाजींना पटलं. आमच्याकडे अनेक समित्यांवर अनेक माणसं याच कारणासाठी घेतलेली आहेत.

पडद्याचं रिझोल्यूशन ७२० गुणिले १६०० होतं. त्याहून दाट ठिपक्यांचा पडदा वरच्या किमतीत मिळतो, असं पोऱ्या म्हणाला. मामाजी फोन घेऊन सरळ दुकानाबाहेर रस्त्यावर गेले. पोऱ्या मागे धावला. ऑक्टोबरचं ऊन कडक होतं. बैल घेताना माणूस जसा दात बघतो, शेपटी पिरगळतो, चार पावलं चालवतो, तसं त्यांनी उन्हात फोन उलटा-सुलटा केला, हाताचा आडोसा न करता वाचायचा प्रयत्न केला, आतून पोऱ्याला रिंग वाजवायला लावली आणि समोरच्या ट्रॅक्टरच्या आवाजात ती ऐकू येते का ते पाहिलं. तीन फोन या परीक्षेत नापास झाले. त्यातला एक पुतण्याच्या यादीत अव्वल होता. फोनची चाचणी घेणारी जी मंडळी यूट्यूबवर बसतात ती सगळी गार खोलीत बसतात. त्यांच्यातल्या एकालाही दुपारी दोन वाजता धुऱ्यावर उभं करून पराटीचा फोटो काढायला लावलेला नाही. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा फोन ‘तापमान वाढल्याने कॅमेरा बंद करत आहे’ अशी पाटी दाखवून रजेवर जातो. शेतकऱ्याला ती सवलत नाही.

मामींना एकच काळजी होती, किरणांची. झोपताना उशाशी ठेवला तर डोक्यात काही होतं का? याचं उत्तर पुतण्याने डायलवरच काढून दाखवलं. स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं की बऱ्याच फोनमध्ये सार नावाचा आकडा येतो. आपल्याकडे २०१२ पासून त्याची मर्यादा किलोला १.६ वॉट आहे. फोनचा आकडा मर्यादेच्या आत होता. मामींनी तो पाहिला, मान डोलावली आणि म्हणाल्या, “तरी दूरच ठेवत जा.”

एवढा वेळ काउंटरवरच्या म्हाताऱ्या मालकाने तोंड उघडलं नव्हतं. आता त्याने इतिहास काढला. स्वस्त फोनचा इतिहास सांगायला आमचा जिल्हा तसा अधिकारी आहे. सेवाग्रामच्या आश्रमात एक जुना टेलिफोन जपून ठेवलेला आहे. गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगोने तो बसवून दिला होता. हँडसेट फुकट, रिचार्ज व्हाइसरॉयकडे. अशी ऑफर पुन्हा जिल्ह्यात आली नाही. ३१ जुलै १९९५ ला कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल लावला, तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत पडत आणि आलेल्या फोनचेही पैसे लागत. नातेवाईक आपल्याला फोन करून लुटू शकत, तो एकमेव काळ. २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले. त्याच वर्षी टॉर्चवाला नोकिया ११०० आला आणि जगभरात पंचवीस कोटींवर खपला. जगातल्या कुठल्याही कंपनीने शेतकऱ्याचं इतकं नीट ऐकल्याचं त्यानंतर आठवत नाही. ‘टॉर्च पाहिजे’, एवढंच तर त्याचं म्हणणं होतं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये रिंगिंग बेल्स नावाच्या कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन जाहीर केला, त्याची आठवण निघाली तेव्हा दुकानात सगळेच हसले, कारण हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तेव्हा रात्र जागून तो बुक करायची खटपट केली होती. फ्रीडम २५१ त्याचं नाव. पत्रकारांना दिलेल्या नमुन्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं आणि ते व्हाइटनर लावून झाकलेलं होतं. दहावीच्या पेपरात खाडाखोड करताना पोरंसुद्धा याहून जास्त काळजी घेतात. पण मला त्या बुकिंग करणाऱ्यांचं हसू येत नाही. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि इंटरनेट खरोखरच काही महिने फुकट मिळालं. २५१ चा फोन अशक्य आणि फुकट इंटरनेट शक्य, हे पानठेल्यावर बसून आधी कसं ओळखायचं? पुढे २०१७ मध्ये दीड हजार अनामतीचा जिओफोन आला, २०२१ च्या दिवाळीत ६,४९९ चा जिओफोन नेक्स्ट. प्रत्येक वेळी वाटलं, आता पुढचा आणखी स्वस्त येणार.

तो काही आला नाही. उलट मामाजी दुकानात गेले तेव्हा बाजार चढायला लागला होता. मालकाच्या म्हणण्याप्रमाणे यामागे मेमरी चिप होती. २०२५ च्या अखेरीला जगभर मेमरीचे भाव भडकले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची डेटा सेंटरं उभारणाऱ्या कंपन्या ती भराभर उचलत होत्या आणि चिप बनवणारे कारखाने जास्त नफ्याच्या मालाकडे वळले. लाखाच्या फोनमध्ये हा खर्च लपून जातो. दहा हजारांच्या फोनमध्ये तो अंगावर येतो. मामाजींना मी सोपं करून सांगितलं की अमेरिकेत कोणी संगणकाला आपल्या मांजरावर कविता करायला सांगतो आणि त्याचे शे-दोनशे रुपये सेलूत वसूल होतात. कापसाचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्यावरून सेलूत पडतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. त्यांनी फक्त विचारलं, “कविता तरी बरी करते काय?”

करही आहेच. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवरचा जीएसटी बारावरून अठरा टक्क्यांवर गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीत मोठी कपात झाली, ट्रॅक्टर पाच टक्क्यांवर आला, एसी अठ्ठावीसवरून अठरावर उतरला. मोबाइल होता तिथेच राहिला. ९,९९९ मध्ये साधारण दीड हजार कर. पीएम किसानचा हप्ता दोन हजारांचा. म्हणजे सरकारने दिलेले दोन हजार घेऊन ॲपसाठी फोन घ्यायचा आणि त्यातले दीड हजार सरकारला परत द्यायचे. मामाजी याला ‘आवत-निवत’ म्हणतात : त्यायनं आपल्याले जेवाले बलावलं, आपुन त्यायले बलावलं.

या सगळ्या गदारोळात शहाणा माणूस एकच भेटला, आणि तो फोन विकत नव्हता, दुरुस्त करत होता. दुकानाच्या जिन्याखाली टेबल, टेबलावर गरम हवेचं मशीन, डोळ्याला भिंग. मामाजींनी त्याला विचारलं, यातला कोणता घ्यावा? त्याने मान वर न करता उलट विचारलं, “पाडता किती वेळा?” मामाजी खरं ते बोलले. तेव्हा तो म्हणाला, ज्याचा फोल्डर गावात भेटते तो घ्या. फोल्डर म्हणजे पडदा आणि वरची काच, या लोकांच्या भाषेत. तो नागपुराहून आठ दिवसांनी येणारा असेल, तर आठ दिवस तुमचं ॲप, तुमचा कापूस आणि तुमचा जावई सगळेच खोळंबतात. चार्जिंगची पिन सहा महिन्यांत ढिली होणार. ती वेगळ्या पट्टीवर असली तर स्वस्तात बदलता येते, मुख्य बोर्डावर असली तर बोंब. आणि कंपनी अपडेट किती वर्षं देणार ते विचारा, नाहीतर फोन धडधाकट असताना ॲपच म्हणेल की तुमचा फोन जुना झाला.

मला या माणसाला ब्रुसेल्सला पाठवावंसं वाटलं, पण तिथे बहुधा असाच कोणीतरी आधीच पोचलेला असावा. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात नियम आहे : मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. तिथल्या माणसाला जिन्याखालच्या मेकॅनिकला विचारावं लागत नाही. आपल्याकडे बऱ्याच स्वस्त फोनना अपडेटचा वायदा एक-दोन वर्षांचा, आणि तो डब्यावर कुठे लिहिलाय ते भिंग लावून शोधायचं. पंधरा ॲप मात्र आधीच भरून येतात, न मागता, अपडेटसकट.

शेवटी फोन ठरला. तो पुतण्याच्या यादीत चौथा होता, पानठेल्याच्या यादीत नव्हताच आणि मामींच्या मते काळा आणि लांब होता. उन्हात दिसत होता, ट्रॅक्टरवर ऐकू येत होता, फोल्डर गावात मिळत होता. टॉर्चही लागत होता, फक्त तो लावायला पडदा उघडून, वरून बोट ओढून, चित्र शोधून दाबावं लागत होतं. तेवढ्या वेळात वाघाने थांबायला हवं.

पण ठरलेली किंमत आणि द्यायची किंमत यांच्यात अजून अंतर होतं. ९,९९९ हा भाव एका विशिष्ट बँकेच्या क्रेडिट कार्डाला होता, जे सेलूत कोणाजवळ आहे याचा शोध घेतला तर नवा तालुका करावा लागेल. जुना फोन दिला तर सूट. मामाजींच्या बटणांच्या फोनला संगणकाने शून्य रुपये किंमत लावली, तेव्हा मामाजींना झालेलं दुःख ओलावा जास्त म्हणून कापसाची गाडी परत पाठवली तेव्हाही झालं नव्हतं. फायनान्सवाला पोरगा खुर्ची ओढून बसला होता. शून्य टक्के व्याज, म्हणाला. पुतण्याने प्रोसेसिंग फी विचारली. ती होती. विमा विचारला. तो होता. हप्ता चुकला तर काय, असं मामींनी विचारलं. तर फोन आपोआप लॉक होतो, पोरगा अभिमानाने म्हणाला. मामींनी कंबरेची पिशवी सोडली आणि रोख मोजली. वर टेम्पर्ड काच, वर कव्हर. रंगावरून घरात जे दोन दिवस भांडण झालं होतं तो निळसर हिरवा रंग कव्हरखाली गेला आणि त्यानंतर कोणाला दिसलेला नाही.

पहिल्याच रात्री फोनने मामाजींना दोन लाखांचं कर्ज देऊ केलं. पाच मिनिटांत, कागदपत्रांशिवाय. पीक कर्जासाठी बँकेत सातबारा, आठ अ, नो-ड्यूज आणि चपला असं सगळं घेऊन फिरलेला माणूस हा संदेश किती वेळ बघत बसला! मग पुतण्याने ती सूचना बंद केली. फोनने दुसरी पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पीएम किसानची ई-केवायसी करायला सगळे ओसरीवर बसले. नव्या फोनचं पहिलं सरकारी काम. चेहरा दाखवून होतं म्हणून आधी चेहरा दाखवला. ५० मेगापिक्सेलवाला कॅमेरा मागच्या बाजूला असल्याने पुढच्या पाच मेगापिक्सेलने काम केलं. आधार कार्डावरच्या फोटोशी मामाजींचा चेहरा जुळेना; तसा तो फोटो कोणाशीच जुळत नाही, खुद्द मामी त्याला ओळखत नाहीत. डोळे मिचकावून झाले, टोपी काढून झाली, उन्हाकडे तोंड करून झालं. मग पुतण्याने ओटीपीचा मार्ग धरला. आधार नंबर टाकला, बटण दाबलं, पडद्यावर आलं की आधारशी जोडलेल्या नंबरावर ओटीपी पाठवला आहे.

सगळे फोनकडे बघत बसले. फोन गप्प.

आधारला नंबर मामाजींच्या पुण्यातल्या पोराचा जोडलेला होता. त्या वेळी घरात त्याचाच एक बरा फोन होता. पुतण्याने त्याला लावला. रिंग गेली. परत लावला. परत रिंग गेली. दहा मिनिटांत ओटीपी मेला. दुसरा मागवला, पोराला पुन्हा लावला.

“काय म्हन्ते?” आतून मामींनी विचारलं.

“उचलत नाई.”

“त्याच्याजवळ कोनता फोन हाय?”

मामाजींनी नव्या फोनच्या काचेवरची धूळ बंडीला पुसली आणि म्हणाले, “लाखाचा हाय म्हन्ते.”